प्रत्याभरण, प्राथमिक वाचन-लेखनातील

प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्याचे वाचन अथवा लेखन अपेक्षित पातळीच्या तुलनेत कोठे आहे आणि ते पुढे नेण्यासाठी लगेच काय करावयास हवे, यासंबंधी त्याला मिळणाऱ्या माहितीस प्रत्याभरण म्हणतात. ही माहिती बहुधा शिक्षकाकडून मिळते. परंतु सहाध्यायी, पालक, कित्ता किंवा नमुना आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे परीक्षण हीही तिची उगमस्थाने होत. मूल्यमापन आणि प्रत्याभरण या संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थी वापरल्या जातात. तथापि त्यांत महत्त्वाचा भेद आहे. मूल्यमापनाने मुलाची स्थिती शिक्षकास व शाळेस कळते. प्रत्याभरणाने ती मुलास कळते व तीत बदल घडविण्याचे साधन त्याच्या हाती येते. ‘दहापैकी चार’ हा मूल्यमापनाचा निष्कर्ष होय, ‘जोडाक्षर आले की तू थांबतोस, आधी अर्धे अक्षर म्हण आणि लगेच त्याला पुढचे अक्षर जोड’ हे प्रत्याभरण होय. ज्या माहितीचा उपयोग करून विद्यार्थी पुढील कृती बदलू शकत नाही, ती कितीही अचूक असली तरी तिला खऱ्या अर्थाने प्रत्याभरण म्हणता येत नाही.

पहिली ते पाचवी या इयत्तांत या प्रक्रियेस विशेष महत्त्व आहे. एक तर, वाचन-लेखन हेच पुढील सर्व विषयांच्या अध्ययनाचे साधन असते. दुसरे असे, की नवशिक्या वाचकास आपली चूक बहुधा स्वतःस कळत नाही. ‘घोडा’ या शब्दाच्या जागी ‘घडा’ वाचणाऱ्या मुलास आपण चुकलो, हे कोणीतरी लक्षात आणून दिल्याशिवाय किंवा वाक्याच्या अर्थाकडे लक्ष वेधल्याशिवाय उमगत नाही. तिसरे कारण मानसिक आहे. आपण ‘हुशार’ की ‘ढ’ याविषयीची मुलाची स्वतःबद्दलची समजूत याच वयात दृढ होऊ लागते आणि ती मुख्यतः मोठ्यांच्या अभिप्रायांतून घडते.

ऐतिहासिक आढावा : भारतातील जुन्या गावठी शाळांत पंतोजी मुलांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. कित्ता समोर ठेवून आपले अक्षर त्याच्याशी ताडून पाहणे व जमेपर्यंत पुन्हा काढणे, ही एक प्रकारे प्रत्याभरणाचीच पद्धती होती. धूळपाटीवरील चूक हाताने पुसली जाई व तिची खूण मागे उरत नसे. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकविण्याची प्रथाही या शाळांत होती. अँड्रू बेल (१७५३–१८३२) यांनी मद्रास (चेन्नई) येथील अनाथ मुलांच्या शाळेत वाळूवर लिहिण्याची ही देशी रीत व विद्यार्थ्यांकरवी अध्यापन यांचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) यांनी तशीच पद्धती स्वतंत्रपणे रूढ केली. मात्र तिच्यात बिल्ले, बक्षिसे व वर्गासमोर लाजविण्याच्या शिक्षा यांना मोठे स्थान मिळाले. कामाविषयीची माहिती आणि व्यक्तीविषयीचा निवाडा यांची ही सरमिसळ शालेय व्यवहारात पुढे दीर्घकाळ टिकली.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेनुसार शाळांचे अनुदान बव्हंशी तपासनीसाने प्रत्येक मुलाच्या घेतलेल्या वाचन, लेखन व अंकगणित यांच्या वार्षिक परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. ‘निकालानुसार अनुदान’ या नावाने ती ओळखली जाते व तिचे अनुकरण मुंबई इलाख्यातही झाले. या पद्धतीत मुलाच्या वाचनाची माहिती सरकारी दप्तरात जाई. मुलाला तिचा उपयोग नसे. परीक्षेसाठी वाचनाचे पुस्तकच पाठ करून घेण्याची प्रवृत्ती बळावली. १८९०–१९०० या दशकात इंग्लंडमध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी या विषयास प्रायोगिक बैठक दिली. ज्या प्रतिसादाचा परिणाम समाधानकारक होतो तो दृढ होतो, हा त्यांचा परिणामाचा नियम होय. १९१० मध्ये त्यांनी मुलांच्या हस्ताक्षरांचे चढत्या गुणवत्तेचे नमुने लावून एक मापनश्रेणी तयार केली. अशा श्रेणीशी आपले अक्षर ताडून मुलास स्वतःची प्रगती पाहता येते. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी १९५० नंतरच्या दशकात अध्यापनयंत्रांद्वारे प्रत्येक उत्तराबरोबर तत्काळ निकाल मिळण्यावर भर दिला. मायकेल स्क्रिव्हेन (१९२८–२०२३) यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित मूल्यमापन असा भेद मांडला. शिक्षण चालू असताना ते सुधारण्यासाठी केलेले ते आकारिक आणि शेवटी फलनिश्चितीसाठी केलेले ते संकलित, असे त्यांचे स्थूल स्वरूप होय. बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) यांनी प्रभुत्व अध्ययनाच्या संदर्भात आकारिक चाचणी, प्रत्याभरण व दुरुस्ती यांची सांगड घातली.

संकल्पना व संशोधन : प्रत्याभरण ही संज्ञा अभियांत्रिकीतून शिक्षणशास्त्रात आली. एखाद्या यंत्रणेच्या फलिताची माहिती पुन्हा तिच्याकडेच वळवून तिचे नियंत्रण साधण्याचे तत्त्व नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) यांनी १९४८ मध्ये संदेशन व नियंत्रणशास्त्रावरील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. अर्कलगूड रामप्रसाद यांनी १९८३ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, प्रत्यक्ष पातळी व आदर्श पातळी यांतील अंतराविषयीची जी माहिती ते अंतर बदलण्यासाठी वापरली जाते, तेच प्रत्याभरण. डी. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये याच विचाराचा विद्यार्थ्याच्या बाजूने विस्तार केला. चांगले काम कसे असते हे विद्यार्थ्यास ठाऊक हवे, त्याच्याशी आपले काम ताडून पाहता यावे आणि अंतर कमी करण्याचा काहीतरी मार्ग हाती असावा, अशा तीन अटी त्यांनी सांगितल्या.

प्रत्याभरणाने नेहमी लाभच होतो, हा समज संशोधनाने खोटा ठरविला. ॲव्रहॅम क्लूगर व अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणामांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाम अनुकूल आढळला. परंतु एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत प्रत्याभरणानंतर कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळू लागले की परिणामकारकता घटते, असा या अभ्यासाचा इत्यर्थ आहे. रूथ बटलर यांनी इझ्राएलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही उद्‌बोधक आहे. काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ अभिप्राय व काहींना दोन्ही देण्यात आले. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची पुढील कामगिरी सुधारली. गुण व अभिप्राय असे दोन्ही मिळालेली मुले मात्र केवळ गुण मिळालेल्या मुलांच्या जवळपासच राहिली. गुणांचा आकडा दिसताच अभिप्रायाकडे दुर्लक्ष होते, असा याचा अर्थ लावला जातो. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील अभ्यासात बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांनी अपयशानंतर लवकर धीर सोडला, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले चिकाटीने काम करीत राहिली. अर्थात दोष काढणे घातक व स्तुती हितकर अशी सरळ विभागणी येथे लागू पडत नाही. व्यक्तीस उद्देशून केलेली स्तुतीही अपायकारक ठरू शकते.

वाचनातील प्रत्याभरण : प्रत्याभरणापूर्वी निरीक्षण आवश्यक असते. केनेथ गुडमन (१९२७–२०२०) यांनी १९६५ पासून असे दाखवून दिले, की वाचनातील सर्व चुका सारख्या नसतात. ‘घोडा पळत गेला’ हे वाक्य एका मुलाने ‘घोडा धावत गेला’ असे व दुसऱ्याने ‘घडा पळत गेला’ असे वाचले, तर चूक प्रत्येकी एकच होते. परंतु पहिल्या मुलाने अर्थ पकडला असून अक्षरांकडे पुरेसे पाहिलेले नाही. दुसऱ्याने अक्षरे काही अंशी पाहिली असून अर्थाकडे लक्ष दिलेले नाही. पहिल्यास ‘शब्दाचे पहिले अक्षर पुन्हा पाहा’ व दुसऱ्यास ‘घडा पळेल का?’ असे सांगणे उचित ठरते. पाणी हा शब्द ‘पानी’ असा वाचणारे मूल बहुधा आपल्या घरच्या बोलीतील उच्चार करीत असते. त्यास वाचनदोष मानणे चुकीचे होय.

न्यूझीलंडमधील मानसशास्त्रज्ञ मेरी क्ले (१९२६–२००७) यांनी मुलाचे प्रकट वाचन ऐकत असताना प्रत्येक शब्दासमोर खूण करून धावती नोंद ठेवण्याची पद्धती विकसित केली. बरोबर शब्द, बदललेला शब्द, गाळलेला शब्द व मुलाने स्वतःहून केलेली दुरुस्ती यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. शंभर शब्दांत सात चुका झाल्यास अचूकता ९३ टक्के होते. सामान्यतः ९५ टक्के व त्यावरील मजकूर मुलास सोपा, ९० ते ९४ टक्क्यांचा मार्गदर्शनाखाली शिकण्याजोगा आणि त्याखालील अवघड समजतात. स्वतःहून केलेली दुरुस्ती ही चूक नसून प्रगतीचे लक्षण होय. शिक्षकाने तिची आवर्जून दखल घ्यावी, असे क्ले यांचे प्रतिपादन आहे.

चुकीच्या क्षणी मोठ्यांनी काय करावे, याविषयी न्यूझीलंडमध्येच टेड ग्लिन, स्ट्यूअर्ट मॅक्नॉटन व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात पालकांसाठी थांबणे, सुचविणे व शाबासकी देणे अशी त्रिसूत्री तयार केली. मूल अडले की सुमारे पाच सेकंद गप्प राहावयाचे. तरीही न जमल्यास शब्द न सांगता चित्र, अर्थ किंवा अक्षर यांकडे निर्देश करावयाचा. आणि मुलाने नेमके काय केले ते सांगून शाबासकी द्यावयाची, असा तिचा आशय आहे. अडखळलेल्या मुलास तत्काळ शब्द सांगून मोकळे होण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. तिने वाचन पुढे सरकते. पण शब्द उलगडण्याची मुलाची संधी हुकते.

लेखनातील प्रत्याभरण : मुलाच्या लेखनात आशय, मांडणी, वाक्यरचना, शुद्धलेखन व हस्ताक्षर असे अनेक पदर असतात. सर्वांवर एकाच वेळी अभिप्राय दिल्यास मुलास काय आधी करावे हे कळत नाही. म्हणून प्रथम आशयास प्रतिसाद, नंतर एका वेळी एक-दोनच बाबींची दुरुस्ती, हा क्रम हितावह मानला जातो. उदाहरणार्थ, तिसरीतील एखादे मूल ‘माझ्या बैलाचे नाव सर्ज्या आहे. तो आजारी पडला तवा आमी रातभर जागलो’ असे लिहिते. ‘तवा’, ‘आमी’ व ‘रातभर’ या शब्दांभोवती तांबड्या शाईची वर्तुळे काढून वही परत केल्यास आपले लिहिणे चुकले एवढेच त्यास कळते आणि पुढच्या वेळी ते चूक होणार नाही असे, म्हणजे थोडे व निर्जीव, लिहू लागते. याउलट ‘रात्रभर जागून तुम्ही काय काय केले, तेही लिही’ असे सांगितल्यास लेखन वाढते. बोलीतील शब्द घरच्या भाषेचे म्हणून मान्य करून त्यांची प्रमाणभाषेतील रूपे शेजारी मांडणे, हे त्यानंतरचे काम होय. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांसारख्या बोली तसेच गोंडी, कोरकू यांसारख्या भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो, कारण तेथे शब्दावर मारलेली फुली मुलास आपल्या घरावरच मारल्यासारखी वाटू शकते.

मराठी शुद्धलेखनातील चुकाही मुलाच्या विचारप्रक्रियेचा मागोवा देतात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या व शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. जसे, फूल–फुलाला, वीट–विटेला. ‘फूलाला’ असे लिहिणाऱ्या मुलाने ‘फूल’ हे रूप नीट लक्षात ठेवून त्याला प्रत्यय जोडलेला असतो. येथे केवळ खूण करण्याऐवजी मूल–मुलाला, दूध–दुधात अशा जोड्या समोर ठेवून काय बदलले ते मुलासच शोधावयास लावणे अधिक फलदायी ठरते. अनुस्वार गाळणे, रफार चुकीच्या अक्षरावर देणे, जोडाक्षरातील क्रम उलटा करणे यांची कारणे भिन्न आहेत व त्यानुसार उपायही भिन्न असतात. एकच शब्द दहादा लिहून घेण्याची शिक्षा या कारणांना स्पर्श करीत नाही.

लेखनावरील अभिप्रायाची उपयुक्तता अखेर पुनर्लेखनावर अवलंबून असते. तपासलेली वही बंद करून नवा धडा सुरू झाला, तर शिक्षकाचे श्रम वाया जातात. अभिप्राय वाचून चार ओळी पुन्हा लिहिण्यासाठी वर्गातच दहा मिनिटे राखून ठेवणे, हा साधा पण दुर्लक्षित उपाय होय.

वर्गव्यवहार : शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक स्तरावर स्थूलमानाने तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे, तथापि लहान गावांतील द्विशिक्षकी शाळांत एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक कामावर सविस्तर अभिप्राय देणे तेथे अशक्य असते. अशा वेळी दररोज पाचसहा मुलांचेच वाचन लक्षपूर्वक ऐकून आठवड्याभरात सर्व मुलांची फेरी पूर्ण करणे, अनेकांच्या वहीत आढळलेली एक चूक नाव न घेता फळ्यावर चर्चेस घेणे, जोडीदाराकडून वाचन ऐकवून घेणे आणि वर्षारंभीचे लेखन जपून ठेवून ते सहा महिन्यांनी मुलासच ताडून पाहावयास देणे, असे उपाय योजता येतात. शेवटचा उपाय मागे पडलेल्या मुलांसाठी विशेष मोलाचा आहे. इतरांशी तुलना केल्यास जे मूल नेहमी शेवटी येते, ते स्वतःच्या कालच्या कामाशी तुलना केल्यास पुढे गेलेले दिसते. संगणकीय साधनांची मदतही मिळू लागली आहे. मुलाचे प्रकट वाचन ऐकून चुकलेला शब्द दाखविणारे गूगलचे ‘बोलो’ (नंतरचे नाव ‘रीड अलाँग’) हे उपयोजन २०१९ मध्ये भारतात प्रथम हिंदीसाठी आले व पुढे मराठीसह अन्य भाषांत उपलब्ध झाले. अशी साधने शब्दोच्चार ताडून पाहू शकतात. परंतु मूल का अडले याचा उलगडा करण्यास शिक्षकाचे निरीक्षणच लागते.

पालकांना द्यावयाच्या माहितीचा प्रश्न वेगळा आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती त्यांना सांगणे, हे उपर्युक्त अधिनियमाच्या कलम २४ अन्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रगतिपुस्तकावरील श्रेणी पुष्कळ पालकांना बोध करून देत नाही आणि स्वतः लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकास तर ती केवळ सही वा अंगठा करण्याची जागा ठरते. ‘मागील महिन्यात अक्षरे जुळवून वाचत होती, आता लहान वाक्ये सलग वाचते, रोज दहा मिनिटे तिचे वाचन ऐका’ असे तोंडी सांगितल्यास निरक्षर पालकही सहभागी होऊ शकतो, कारण ऐकण्यासाठी साक्षरतेची अट नसते.

महाराष्ट्रातील स्थिती : शिक्षण हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आल्यावर महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू केली. तिच्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय इ. आठ साधनांद्वारे आकारिक मूल्यमापन करावयाचे असून पहिली-दुसरीत त्यास ७० टक्के व संकलित मूल्यमापनास ३० टक्के भारांश देण्यात आला. श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी ठेवणे, हे तिचे प्रत्याभरणाच्या दृष्टीने सर्वांत आशादायक अंग होते. व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी या नोंदी ‘वाचन छान करतो’, ‘अक्षर सुंदर आहे’ अशा साच्यात बसल्या. तयार नोंदींच्या पुस्तिकाही बाजारात आल्या. नोंद तपासनीसासाठी लिहिली जाते असे शिक्षकास वाटू लागले की ती मुलाच्या उपयोगाची राहत नाही; एकोणिसाव्या शतकातील निकालानुसार अनुदानाच्या पद्धतीचा धडाही हाच होता.

वाचनाची पातळी सोप्या रीतीने दर्शविण्याचे काम ‘असर’ या वार्षिक पाहणीने केले. मुंबईत कार्यास आरंभ केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ती सुरू झाली. अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट या तिच्या पायऱ्या पालकांनाही सहज समजतात. केंद्र शासनाच्या २०२१ मधील ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. अशा पायऱ्या व वेगमर्यादा मुलाचे स्थान दाखवितात; ‘शब्द’ पातळीवरील मूल कोणत्या अक्षरांपाशी अडते, हे त्या सांगत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून तीत विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांना स्थान दिले आहे. दुसरीकडे, अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीस अनुसरून महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षेची तरतूद केली. परीक्षा असो वा वर्णनात्मक नोंद, तिच्यातून मिळालेली माहिती योग्य वेळी मुलापर्यंत पोहोचते की नाही व ती मिळाल्यावर त्यास पुन्हा प्रयत्न करण्याची संधी मिळते की नाही, यावरच वाचन-लेखनातील प्रत्याभरणाचे यश अवलंबून असते.